आठशे बाय सहाशेवर दिसलेला भाऊ

भूत, करणी, अंगात येणं... असलं कुणी सांगायला लागलं की मी तोंडावर हसणारा माणूस आहे. आजही यातलं काही मानत नाही, त्यामुळे कृपया खाली कमेंटमध्ये मला पूजापाठ सुचवू नका. जे झालं ते लिहितो. घरात कुणाला सांगितलेलं नाही.

कापसानं सगळ्यांचं वाटोळं केलं होतं, त्या वर्षांमधली गोष्ट. दिग्रसला बसस्टँडजवळ माझा लहानसा फोटो स्टुडिओ होता. मोठा भाऊ गजानन जिनिंगमध्ये फिटर. कापूसच येईना तेव्हा जिनिंग बंद पडलं, आणि भाऊ एका सकाळी "दुसरीकडं काम पाहून येतो" म्हणून एसटीत बसला. आठ दिवसांत येणार होता. तीन आठवडे झाले तरी पत्ता नाही. पोलिसांत दिलं, नातेवाइकांकडे विचारलं. आई जेवायची बंद झाली होती.

शेवटी 'हरवला आहे'ची पत्रकं छापायचं ठरलं. भावाचा धड एक फोटो नव्हता. चुलत बहिणीच्या लग्नातला एक ग्रुप फोटो तेवढा सापडला, त्यात तिसऱ्या रांगेत हा, झुपकेदार मिशीसकट. चेहरा वाटाण्याएवढा. तो स्कॅन करून मोठा करायचा, साफ करायचा.

बुधवार होता. दुपारी एकला लाईट आली, चारला परत जाणार. वहिनी दुकानात माझ्या मागं स्टुलावर बसून होत्या.

"भाऊजी, किती वेळ लागते?"

"होऊन राह्यलं वहिनी."

कशाचं होतंय... कॉम्प्युटर सेकंडहँड, अगदी रडका. एवढा मोठा स्कॅन उघडला की ब्रश इथं फिरवावा आणि तिथं पडद्यावर पाच मिनिटांनी उमटावा. त्यावर आम्हा स्टुडिओवाल्यांचा एक उपाय असायचा – मॉनिटरचं रिझोल्युशन खाली आणायचं. एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्टवरून आठशे बाय सहाशे. पडद्यावर ठिपके कमी, म्हणजे मशीनला रंगवायचं काम कमी, म्हणजे सॉफ्टवेअर जरा पळतं. मूळ फोटोला यानं काही होत नाही, हे नीट लक्षात घ्या. खिडकी लहान केली म्हणून बाहेरचं झाड लहान होत नाही.

सेटिंग बदललं. पडदा एकदा काळा झाला, परत आला. आणि भावाच्या कपाळावर पांढरा पट्टा होता. डाव्या भुवईपासून कानाच्या वरपर्यंत, चांगला रुंद. मिशीच्या जागी नुसती सपाट कातडी.

मला वाटलं, स्कॅनरच्या काचेवर काही लागलं असेल. आमच्या धंद्यात डाग दिसला की विचार करत बसायचं नाही, पुसायचा. वांग, मुरूम, देवीचे व्रण, सगळं आम्ही पुसत आलो. शेजारची कातडी उचलली आणि पट्ट्यावर बसवली. साफ झाला. फाइल सेव्ह केली, पडदा हलला, पट्टा परत जागेवर. पुन्हा पुसला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा पुसला. तरी जागेवर.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं. त्यांना लांबून नीट दिसत नव्हतं.

"काही नाही. मशीन बिघडून राह्यली."

"लाईट जाईन आता. मले बस त्यायचा चेहरा साफ पायजे. पाहणाऱ्यानं लगेच ओळखला पायजे."

मी चिडून सेटिंग परत वर नेलं. भाऊ मिशीसकट हजर, कपाळ स्वच्छ. खाली आणलं, पट्टा. वर नेलं, गायब. असं तीनदा केलं. मग वरच्याच सेटिंगवर, रखडत रखडत काम संपवलं आणि प्रिंट काढली. चार वाजता लाईट गेली तेव्हा प्रिंट वहिनींच्या हातात होती.

पत्रकं छापली. आमच्या गल्लीतल्या पोरांनी दारव्हा, यवतमाळपासून थेट नागपूरकडच्या गावांपर्यंत बसस्टँडवर, दवाखान्यांत लावली. अकरा दिवस कुणाचा फोन नाही. बाराव्या दिवशी शेजारच्या एसटीडी बूथवर जिनिंगच्या जुन्या ड्रायव्हरचा फोन आला. एका सरकारी दवाखान्यात मामाला बघायला गेला होता, तिथं एका बेवारस पेशंटचं अर्धं बोट पाहून त्यानं ओळखलं. भावाचं ते बोट मशीनमध्ये गेलं होतं.

मी आणि वहिनी मिळेल त्या गाडीनं निघालो. संध्याकाळी पोचलो. भाऊ सकाळी गेला होता.

ट्रकनं उडवला होता म्हणे. शुद्ध आलीच नाही. डोक्याला पट्टी, नाकात नळी लावताना मिशी काढलेली. केसपेपर माझ्या हातात दिला. दाखल केलं, बुधवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

वॉर्डातला म्हातारा कर्मचारी हात जोडून उभा होता. त्याच्या मागं भिंतीला आमचं पत्रक. "हा कागद मी रोज पाहून राह्यलो होतो, बाबू," तो म्हणाला. "पण याच्यात मिशी, कपाळ कोरं. माह्या ध्यानातच नाही आलं. याच्यात तशी पट्टी असती तं मी पहिल्याच दिवशी फोन केला असता."

मी तिथंच खाली बसलो. वहिनींना वाटलं दुःखानं बसलो.

नंतर त्या मशीनवर ती फाइल कितीदा तरी उघडली. आठशेवर, हजारवर, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर. काही नाही. व्हिडिओ कार्ड खराब असेल, माझे डोळे थकले असतील, सगळी कारणं मी स्वतःला देऊन झालीत. एकही बसत नाही. भावानं स्वतःहून चेहरा दाखवला असेल तर मी तो तीनदा पुसला, एवढंच मला कळतं, आणि हे कुणापुढं बोलायची माझी हिंमत नाही.

तेरवीला हार घालायलाही तोच फोटो. आजही वहिनींच्या घरी तोच लागलेला आहे. दर दिवाळीला जातो तेव्हा त्या काच पुसतात आणि आलेल्या पाहुण्यांना कौतुकानं सांगतात, "आमच्या भाऊजीनंच बनवला. पाहा, एक डाग ठेवला नाही."