अधिक-उणे

गडहिंग्लजहून चंडीगडला पोचायला दोन दिवस लागतात. गावात मी चार सांगितले होते, कारण दोन दिवसांच्या प्रवासाला निरोप द्यायला कोण येतं? निघताना मात्र मनाशी ठरवलं होतं, या खेपेला एकही थाप मारायची नाही. हा निश्चय कोल्हापूर स्टेशनापर्यंत उत्तम टिकला. तिथे समोरच्या बाकावरच्या बाईंनी "कुणाकडे निघालात?" म्हणून विचारलं, आणि "सरकारनं बोलावलंय" असं सांगून मी मोकळा झालो.

खरं कारण सांगायला जीभ उचलत नव्हती. मी भाचीची माफी मागायला निघालो होतो.

मुक्ता ही माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, एकुलती एक मुलगी. चंडीगडला चिकटलेल्या मोहालीत, नॉलेज सिटी म्हणतात त्या वसाहतीत, ती ताऱ्यांवर संशोधन करते. आक्का गेल्या वैशाखात गेली. तेराव्याला मुक्ता माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि पुढचे दहा महिने तिनं माझा फोन उचलला नाही. शेवटी मी निरोप टाकला, 'येतोय.' उत्तर आलं, 'ये.'

चंडीगडचे रस्ते इतके सरळ आहेत, की एका चौकात शिंकलं तर पुढच्या सात चौकांतून 'जीते रहो जी' ऐकू येतं. फाल्गुन संपत आलेला. आपल्याकडे या दिवसांत घाम फुटतो. इथे सकाळी स्वेटर लागत होता. सावरीला लाल फुलं आली होती, आणि बाकीची झाडं पानं ढाळत होती. रिक्षावाले सरदारजी गप्पिष्ट निघाले.

"नॉलेज सिटी? उत्थे कौन है जी?"

"भांजी है. तारे तोलती है."

त्यांनी आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं. "अच्छा! ते तक्कड़ी कित्थे रखदी ऐ?" म्हणजे तराजू कुठे ठेवते म्हणे.

आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोललो होतो आणि माणसाला ती थाप वाटली.

मुक्ता फाटकाशी उभी होती. वाळली होती. वाकून नमस्कार केला, पिशवी घेतली, म्हणाली, "जेवलास?" बस्स. मेसमध्ये तिनं माझ्यापुढे आलू पराठा ठेवला. बैलगाडीचं चाक काढून तव्यावर टाकलं असावं, असा तो होता, आणि वर लोण्याचा गोळा क्रिकेटच्या चेंडूएवढा. मी दुसरा घास घेतोय तोच शेजारच्या टेबलावरून तिची मैत्रीण हरलीन उठून आली.

"अच्छा, तो आप हैं वो तारेवाले मामाजी!"

आजूबाजूची चार पोरंपोरी हसली. मुक्ता ताटात बघत राहिली.

त्याची हकीकत अशी. दीड वर्षापूर्वी मुक्ता फोनवर म्हणाली होती, "मामा, आमच्या गटानं एका मेलेल्या ताऱ्याचं वजन आधीपेक्षा नेमकं मोजलं." आता एवढ्याशा बातमीवर गडहिंग्लजचं काय पोट भरणार? माझं चष्म्याचं दुकान, पण माणसं चष्म्यापेक्षा गोष्टी ऐकायला जास्त येतात. संध्याकाळपर्यंत मुक्तानं नवा तारा शोधला होता आणि त्याला आक्काचं नाव दिलं होतं. आठवड्यात ते तालुक्याच्या साप्ताहिकात छापून आलं. कात्रण कुणीतरी इथे पाठवलं, आणि मराठी न येणाऱ्या सगळ्या गटानं ते मुक्ताकडूनच वाचून घेतलं.

जेवण झाल्यावर तिनं मला तिच्या खोलीत नेलं. संगणकावर एक चित्र होतं, निळ्या-तांबड्या धुराचं कडं आणि मधोमध एक ठिपका. म्हणाली, "सूर्यासारखा तारा म्हातारा झाला, की अंगावरचं वायूचं पांघरूण फेकून देतो. हे कडं म्हणजे ते पांघरूण, तेजोमेघ. आत उरतो तो श्वेत बटू."

बटू म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे मुंजीतला गोटा केलेला पोरगा आला. पण हा बटू पृथ्वीएवढा, आणि वजन सूर्याच्या निम्म्याहून जास्त. त्यातला चहाचा एक चमचा भरला तर एका हत्तीच्या वजनाचा. एवढी मोठी थाप मी जन्मात मारली नव्हती, आणि ही खरी होती!

खाली आकडे होते. प्रत्येकाच्या मागे एक चिन्ह आणि आणखी एक छोटा आकडा. "हे शेपूट कसलं गं?"

"अधिक-उणे. आम्ही किती चुकू शकतो ते. ते लिहिल्याशिवाय आमचा आकडा कुणी हातात धरत नाही. तेव्हा वर्षभर मी काय केलं माहितीय, मामा? हे शेपूट थोडं आखूड केलं. तेवढंच."

मी घसा खाकरला. दोन दिवस गाडीत घोकलेलं वाक्य होतं. "मुक्ते, माझ्याकडून काही अधिक-उणं बोललं गेलं असेल तर..."

"अधिक किती?" ती वळली. "उणं किती? आकडा सांग."

मी पडद्यावरच्या ठिपक्याकडे बघू लागलो.

"आई मला रोज फोनवर त्या ताऱ्याबद्दल सांगायची. मला वाटायचं, माझ्या कामाबद्दल बोलतेय. तू तिला आभाळातला एक तारा दाखवलायस, हे मला कुठे ठाऊक? मी हो हो म्हणायचे. मग वैशाखात एकदा रडत म्हणाली, 'मुक्ते, तुझा तारा चार दिवस दिसेना गं. विझला का?' मी म्हटलं, 'आई, माझा कुठलाच तारा नाही. मामाच्या थापा आहेत त्या.' तिनं फोन ठेवला. पुन्हा केला नाही. आठ दिवसांनी गेली." तिनं चष्मा काढला. मीच करून दिलेला. "तुझं खोटं मला तिच्यासमोर मोडावं लागलं, मामा. शेवटचं बोलणं ते."

मला फोनचं ठाऊक नव्हतं. आक्का त्या आठ दिवसांत मला एका शब्दानं काही बोलली नव्हती. उलट एकदा मला वाढताना म्हणाली होती, "तू लहानपणापासून असाच."

मुक्तानं चष्मा पुन्हा चढवून विचारलं, "कुठला दाखवला होतास तिला?"

"व्याधाच्या खाली. दक्षिणेला एक ठळक आहे बघ."

"अगस्ती," ती म्हणाली, आणि मला हुंदका वाटला तो हसू निघालं. मग तो हुंदकाच झाला. "सगळ्या जगाला दिसणारा तारा दिलास तू माझ्या आईला."

रात्रीच्या जेवणाआधी आम्ही तिथल्या गच्चीवर गेलो. उत्तरेला कसौलीच्या डोंगरावर दिवे लागले होते. मी उगाच दक्षिणेला बघत होतो. मुक्ता म्हणाली, "इथून तो जेमतेम क्षितिजावर येतो. धुरात दिसतच नाही. मी इथे आल्यापासून एकदाही पाहिला नाही."

तीन दिवस राहिलो. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. स्टेशनवर तिनं माझ्या खिशात एक कोरी वही कोंबली. "रोज संध्याकाळी साडेसातला आईच्या घराच्या गच्चीवर जा. दिसला की लिही, नाही दिसला की लिही. ढग असतील तर ढग लिही. अंदाज नको."

वैशाखापर्यंत लिहिलं. दुकान लवकर बंद करायला लागलो. गिऱ्हाइकं विचारत, मुक्तानं आणखी काय शोधलं? मी सांगे, एका बटूचं वजन, अधिक-उण्यासकट. ती हिरमुसून जात. तारा रोज थोडा खाली येत होता, आधी नारळाच्या शेंड्याशी, मग शेजाऱ्यांच्या टाकीशी. एका संध्याकाळी आभाळ लख्ख होतं आणि तो नव्हता. फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"आज नाही दिसला, मुक्ते. ढग नाहीत. मी नीट पाहिलं."

मग ती म्हणाली, "विझला नाहीये. सूर्याच्या उजेडात गेलाय. पौषात संध्याकाळी पुन्हा दिसेल."

वहीत मी ते तसंच उतरवलं. मग गच्चीवर बराच वेळ बसून राहिलो. आयुष्यभर इतक्या थापा मारल्या, आणि त्या वैशाखात आक्काला सांगण्यासारखं हे एवढं एकच वाक्य होतं. ते खरंही होतं. मलाच ठाऊक नव्हतं.