गाडीचा वाटा

१९७७ सालच्या दिवाळीनंतरचा पहिला रविवार. रक्कम सहा हजार पाचशे. हजर माणसं चार – ज्यांच्या घरी व्यवहार झाला त्या काकी, माझा मेव्हणा वसंत, माझी बायको कुसुम आणि मी. वसंताने नोटा काकींपुढे ठेवल्या, काकींनी जीपचे कागद त्याच्या हातात दिले, आणि मी समोर बसून चहा प्यायलो. तो मला कडू लागला.

हे आकडे आधी सांगितले, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की या माणसाला मोजता येत नसेल. माझी नोकरीच हिशेबाची. अंगारे, नवस, भुतंखेतं यांतलं काही मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो, आजही नाही. पण एक बेरीज आहे, जी जमत नाही...

ही जीप काकींचे यजमान नाना यांची. लष्कराच्या लिलावातली, डावीकडे स्टिअरिंग असलेली. नाना त्या पावसाळ्यात गेले. त्याआधी अकरा हिवाळे मी त्यांच्याबरोबर नायगावच्या खाडीकाठच्या खाजणात बदकांच्या शिकारीला जात होतो. तेव्हा परवान्यावर काही पाखरं मारता येत. गाडी नाना चालवत, दुरुस्ती माझी. रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकायची, भोक बुजतं. दुसरा गिअर उडायचा, म्हणून दांडा गुडघ्याने दाबून धरायचा. थंडीत बॅटरी मेली की हँडल मारायचं, अंगठा बाहेर ठेवून, नाहीतर उलटा झटका मनगट मोडतो. मागचा तळ गंजून गेला तेव्हा मी जाड पत्रा कापून बसवला आणि खाजणाचं पाणी निथळावं म्हणून त्याला भोकं पाडली. ड्रिल मशीन माझं स्वतःचं होतं. आमच्या आगाशीत संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडायचं की ड्रिलचं बीट नुसतं तापायचं, पत्र्यात शिरायचं नाही. म्हणून रविवारची दुपारची झोप मोडून ते काम केलं.

तर ही गाडी माझ्याकडे येणार, असं मी धरूनच चाललो होतो. काकींना पाच हजार बोललो होतो. त्यांनी वर मागितले असते तर दिलेही असते. पण त्यांनी मागितले नाहीत – वसंताला बोलावलं.

वसंत आचोळ्याला राहायचा. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. पान्याचा नंबर त्याला कधी कळला नाही. नानांबरोबर तो दोनदाच आला होता आणि दोन्ही वेळा त्याने गाडी चिखलात रुतवली होती. नाना हसत हसत खाली उतरून ढकलत होते. मी एकदा नुसता चोक जास्त ओढला, तर दिवसभर बोलले नव्हते.

"जळता कशाला?" कुसुम म्हणाली. "माझ्या भावाने घेतली म्हणजे घरातच राहिली ना?"

"तुझ्या भावाचं घर ते माझं घर नव्हे."

त्या दिवशी तिने माझं ताट वाढून ठेवलं आणि ती आत गेली.

आता वाट्याबद्दल सांगतो. आमच्या किनाऱ्यावर मासळी वाटताना होडीचाही एक वाटा असतो. नानांनी तीच रीत शिकारीला लावली होती – माणसाचा एक वाटा, बंदुकीचा एक, गाडीचा एक. मोजणं आणि वाटणं माझ्याकडे. मी गाडीचा वाटा बाजूला काढायला लागलो की नाना म्हणत, "गाडीचं मी बघतो. उरलेलं वाट." गाडीचा वाटा ते सोडून देतात, त्यांचं मन मोठं, असं मी समजत होतो.

जानेवारीत वसंत मला घेऊन पहिल्यांदा निघाला. त्याची दुनळी, माझी एकनळी. पाण्यात पडलेली पाखरं आणायला मिठागरावरचा धर्मा होता, तो नानांच्या वेळेपासूनचा. सकाळी आठपर्यंत पाच बदकं आणि दोन पाणलावे मिळाले. सात. मी सुतळीत माना अडकवून माळ बांधली, धर्माचा वाटा त्याला दिला, म्हणजे राहिली सहा. धर्मा तिथेच मिठागरावर थांबला. आम्ही वाटेत कुठे उतरलो नाही. आगाशीला मागच्या पडवीत कुसुमने गोणपाट अंथरलं आणि मी माळ सोडली.

"सहा म्हणालात ना?" कुसुमने विचारलं. "गाडीत आणखी एक आहे."

सातवं बदक माळेत नव्हतं. मागच्या पत्र्यावर एका कुशीवर पडलेलं. बाकीची चिखलाने माखलेली, ओली... आणि हे कोरडं. पिसं जागच्या जागी. हात लावला तर ऊन.

"भावोजी, चष्मा बदला," वसंत म्हणाला.

कुसुमने ते सोललं. छर्रा नाही, भोक नाही, रक्ताचा ठिपका नाही. "हे मेलं कशानं?"

"तुझ्या नवऱ्याचं तोंड बघून," वसंत म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "सहा ठरल्याप्रमाणे वाटा. सातवं गाडीचं, आणि गाडी माझी."

मला वाटलं, यानेच कुठून तरी आणून ठेवलं असणार. मला चिडवायला हा काहीही करील. पुढच्या वेळी मी काळजी घेतली. निघताना मागचा पत्रा स्वतः झाडला. खाजणातून परतताना पाखरं पोत्यात घातली, तोंड बांधलं आणि पोतं मांडीवर घेऊन मागेच बसलो. बांधावर धर्मा वैतागला होता.

"धा हायत, भाऊ. तुमी दोनदा मोजली, मी तीनदा मोजली. आता काय ती उठून सांगनार हायत? पानी चढतंय, निघा!"

वसंत एका गुडघ्याने गिअर दाबून, गाणं म्हणत गाडी चालवत होता. त्याचे दोन्ही हात मला दिसत होते. मी डोळा मिटला नाही. आगाशीला गाडी थांबली तेव्हा पोत्यात दहा होती, गाठ माझीच होती, आणि माझ्या पायाशी पत्र्यावर अकरावं पडलेलं होतं. कोरडं, ऊन, छर्ऱ्याशिवाय.

भीती वाटली का, असं लोक विचारतात. खरं सांगतो, पहिला विचार भीतीचा नव्हता. पहिला विचार हा होता की ते माझ्या पायाशी आलं, म्हणजे माझं. मी तसं बोललोही.

"पायाशी आलं म्हणून तुमचं कसं?" वसंत म्हणाला. "तुम्ही बसलात कुणाच्या गाडीत?"

"पत्रा माझा आहे. भोकं मी पाडलीत."

"मग भोकं घेऊन जा!"

कुसुम पदर तोंडाला लावून हसत आत गेली. बदक वसंताने नेलं.

पुढच्या रविवारी मी काकींकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं. माझी अपेक्षा होती की त्या घाबरतील, गाडी परत मागवतील, एखादी शांती करतील. त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं नाही.

"मग तुला कधीच नाही मिळालं, प्रभाकर?"

"काय नाही मिळालं?"

"बिनछर्ऱ्याचं पाखरू. हे प्रत्येक खेपेला एक आणायचे. विचारलं की म्हणायचे, गाडीने दिलं. मला वाटायचं, कुणी फासे लावून धरलेलं देत असेल."

अकरा हिवाळे मी त्या माणसाच्या शेजारी बसलो होतो. "गाडीचं मी बघतो"... म्हणजे घरी पोचल्यावर, मी उतरल्यावर, ते मागे जाऊन बघत होते तर.

"मला कधी बोलले नाहीत, काकी."

"तू मोजत बसला असतास."

मग मी जे विचारायला आलो नव्हतो ते विचारलं. पाच हजारांच्या वर तुम्ही माझ्याकडे एकदा तरी का मागितले नाहीत?

त्यांनी आता सूप खाली ठेवलं. "पैशाचं नव्हतं रे ते. तेच सांगून गेले, गाडी वसंताला दे. प्रभाकर तिला जपेल, पण त्याला तिच्याकडून काही घेता येणार नाही."

मी आगाशीपर्यंत चालत आलो. बस समोरून गेली ती सोडली.

एकोणऐंशीत वसंताला आखातात नोकरी लागली. गाडी विकायची म्हणाला, आणि ज्या किमतीला घेतली त्याच किमतीला मला दिली. मी तिला चार नवे टायर घातले, बॅटरी घातली, रेडिएटर बदलला. हळद बंद! दुसरा गिअर खोलून दुरुस्त केला, आता गुडघा लागत नव्हता. दोन हिवाळे मी धर्माला घेऊन त्याच खाजणात, त्याच बांधावर गेलो. आठ पाखरं निघाली की घरी आठ. पाच निघाली की पाच. प्रत्येक वेळी पडवीपाशी गाडी उभी केली की मी कुसुमच्या आधी मागे जात असे. पत्र्यावर फक्त माझी भोकं.

"आज काही?" कुसुम विचारायची.

"आज काही काय? मोजून आणलीत."

ब्याऐंशीच्या जानेवारीत वसंत कायमचा परत आला. पोट सुटलेलं, गळ्यात साखळी. म्हणाला, "भावोजी, एकदा चला ना." गाडी मी चालवली. तो शेजारी बसून वाटेतल्या माणसांना हाका मारत होता. धर्माचं देऊन नऊ घेतली, आणि आगाशीला मी उतरून मागे गेलो. बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. दहावं कोरडं होतं. चार हिवाळ्यांपूर्वी जसं पडलं होतं तसंच, एका कुशीवर.

वसंताने ते उचललं. या वेळी हसला नाही. दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. "घ्या, भावोजी. गाडी तुमची, वाटा तुमचा."

मी घेतलं. कुसुमने ते रांधलं, मी खाल्लं. चवीत बाकीच्यांपेक्षा काही फरक नव्हता.

मी बरंच तपासून बघितलंय. पत्र्याखाली कुठे पाखरू अडकून राहील अशी जागा नाही. धर्माने ठेवलं म्हणावं, तर तो बांधावरच थांबायचा आणि गाडीला हातही लावायचा नाही. वसंताने खोडी केली म्हणावी, तर नानांबरोबर तो दोनदाच आला होता, आणि पाखरू प्रत्येक खेपेला यायचं. आणि मी चालवत असताना दोन वर्षं एकही का नाही, याला तर काही उत्तरच नाही. कुणाला सुचलं तर कळवा. देवाधर्माचं नको.

त्याच महिनाअखेरीस आमच्या पडवीत गाडीचा पुन्हा व्यवहार झाला. वसंत सात हजार द्यायला तयार होता, टायर, बॅटरी आणि रेडिएटर धरून. मी त्यांचे पैसे लावले नाहीत. त्याने सहा हजार पाचशे मोजून दिले, ते मी घेतले.