मतदानाचा मुराळी

आमच्या मतदारसंघाचा इतिहास कोणी लिहायला बसलाच, तर तो कोण निवडून आलं, कोण पडलं, कोणी ऐनवेळी पक्ष बदलला असलं काहीतरी लिहील. लिहू दे बापडा. मला माहीत असलेला इतिहास गाड्यांचा आहे, आणि त्यात शेवटी माझी आई हरली.

'आमचा मतदारसंघ' म्हणताना मला जरा अडखळायला होतं. आम्ही राहतो सुरतेत, उधन्याच्या रेल्वेलाइनीपलीकडच्या वस्तीत. माझा जन्म इथला, मी शिकवते ती मराठी शाळा इथली, माझं मत इथलं आणि बाबांचंही इथलंच होतं. आईचं मत मात्र बरीच वर्षं खानदेशातल्या तिच्या माहेरच्या गावात. दोन खोल्यांच्या घरात दोन राज्यांचे दोन आमदार! बाबा चिडवायचे, "तुझी आई इथे पाहुणी आहे. जपून बोल, जाऊन तिकडच्या विधानसभेत तक्रार करेल."

त्याचं असं झालं की आजोबांना मुलगा नव्हता. आई एकटीच. लग्न करून बाबा तिला सुरतेला घेऊन आले आणि संच्यावर कामाला लागले. इथे यंत्रमागाला संचा म्हणतात. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं यादीतून काढायला कोणीतरी गावात आलं, तर आजोबा त्याच्या अंगावर धावून गेले म्हणे. "मन्ही पोर शे. तिन्हं नाव मन्हाच घरमा ऱ्हाई." नाव राहिलं. तेही तिच्या लग्नाआधीचं नाव, पुढे आजोबांचं नाव आणि त्यांचं आडनाव. सुरतेत त्या नावाने तिला कोणी ओळखत नव्हतं.

आमच्या गल्लीत सगळी खानदेशी बिऱ्हाडं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की गल्लीतल्या बायकांना न्यायला त्यांचे भाऊ यायचे. बहिणीला न्यायला माहेरून जो येतो तो मुराळी. हातात पिशवी, टोपी नीट केलेली, खाटेवर अवघडून बसलेला आणि चहा घेताना बहिणीच्या नवऱ्याशी उगाच हवापाण्याच्या गोष्टी करणारा. शेजारच्या बाईचा भाऊ आला की चहा आमच्याकडून जायचा, कारण ती बाई तयारीत असायची आणि आईला कुठे जायचंच नसायचं. आई चहा द्यायची, कप धुवायची आणि साड्यांचे सुटे धागे कापायला बसायची. तो तिचा घरबसल्याचा धंदा. त्या दिवसांत तिची कात्री जरा जोरात चालायची, हे आम्हाला सगळ्यांना कळायचं.

कोणी म्हणेल, भुसावळकडे रोज गाडी जाते, बसायचं आणि जायचं. मीही लहानपणी हेच म्हणायचे. तिकिटाचा प्रश्न नव्हताच. आई म्हणायची, बोलावल्याशिवाय गेलेल्या लेकीकडे लोक कसं बघतात ते तुला कळायचं नाही. मला खरंच कळत नव्हतं, आणि रागही यायचा. एवढा काय मान लागून गेलाय, असं मी तोंडावर म्हटलेलं आहे.

पण निवडणूक आली की आईचे दिवस यायचे.

तिकडच्या विधानसभेची निवडणूक लागली की उमेदवारांची माणसं सुरतेत उतरायची. अर्धं गाव इथल्या संच्यांवर, मग मतं गोळा करायची ती इथूनच. कागद हातात धरून ते गल्लीत शिरायचे आणि मोठ्याने नावं घ्यायचे. आमच्या दारात येऊन आईचं ते माहेरचं नाव, आजोबांच्या नावासकट, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं पुकारायचे. आणि मग म्हणायचे, "फुई, चाल. लेवाले उनूत." फुई म्हणजे आत्या, आणि लेवाले उनूत म्हणजे न्यायला आलोत. सुरतेत ती सगळ्यांची मावशी होती. फुई म्हणणारी माणसं फक्त माहेरची. आई पदर सावरून आधी त्यांना पाणी द्यायची, मग चहा. खाटेवर बसवायची. आतल्या खोलीत येऊन मला म्हणायची, "माले भाऊ नही, पन मोटार शे." तिच्या चेहऱ्याकडे बघवायचं नाही इतकी ती खूश असायची.

सुरुवातीला मोटार म्हणजे ट्रक होता. खाली पोती अंथरलेली, वर ताडपत्री. त्यातून मी आईबरोबर एकदा गेलेय. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि मधे कोणाची तरी उलटी. संध्याकाळी निघालो, उजाडता गावात. आजोबा मारुतीच्या पारावर बसलेले. गळ्यात पडणं वगैरे काही नाही, नुसतं म्हणाले, "उनी का?" आधी मत, मग घर, असा त्यांचा नियम. मत देऊन आली की ते तिचं बोट हातात घेऊन शाई बघायचे आणि मगच मान हलवायचे. घरी कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. दोन दिवस ती मला विसरून गेली होती. विहिरीवर, शेजारणींकडे, कुठे कुठे भटकत होती. मी रडले तर म्हणाली, "तुझ्या बापाकडे जा," आणि हसली. इतकी लहान मी तिला कधीच पाहिली नव्हती.

पुढे ट्रकाच्या जागी भाड्याची बस आली, मग पडदे लावलेली लक्झरी आली. वाटेत जेवण, पाण्याच्या बाटल्या, सिनेमा. उमेदवार बदलत गेले, आधीच्याचा पुतण्या आला, मग पुतण्याला पाडणारा आला. आईला त्यातलं काही विचाराल तर धड सांगता यायचं नाही. आजोबा होते तोवर ते सांगतील तिथे, आणि ते गेल्यावर ज्याच्या गाडीत बसली त्याला. खाल्ल्या मिठाला जागायचं, एवढंच तिचं राजकारण. बाबा म्हणायचे, तुझ्या आईचं मत पेट्रोलवर चालतं. ती म्हणायची, तुमचं कशावर चालतं ते तरी बघा, इतकी वर्षं इथे मत देताय, तुम्हाला न्यायला कोणी आलं का? बाबांचं मतदान केंद्र चार घरांपलीकडे होतं.

परत आल्यावर पुढचे कितीतरी दिवस बोटावर शाई असायची. धागे कापताना ती मधेच थांबून नखाकडे बघायची. नख वाढेल तशी शाई वर सरकायची, आणि एक दिवस नखाबरोबर कापली जायची. मग पुढच्या निवडणुकीपर्यंत वाट बघणं.

आजोबा गेले, आजी तर आधीच गेलेली. घर आणि शेत आईच्या चुलतभावाकडे गेलं. त्याबद्दल आईने कधी ब्र काढला नाही. पण आखाजीला तो तिला न्यायला येईल, असं तिला आतून वाटायचं. दोन-तीन वर्षं त्या दिवसांत तिने घर आवरून ठेवलेलं मी बघितलंय. तो आला नाही. त्याला सुरत लांब नव्हती. त्याचा मेव्हणा इथेच, सुरतेतल्या बमरोलीला राहायचा, त्याच्याकडे यायचा. आमच्याकडे यायला त्याला वाट सापडली नाही. तरी मोटार येत राहिली. मोटारीतून उतरलेल्या बाईला भावजय चहाला नाही म्हणू शकत नव्हती, कारण बरोबर उमेदवाराची माणसं असायची. आई तो चहा पिऊन, जुन्या उंबऱ्याला हात लावून परत यायची आणि आम्हाला सांगायची की सगळे छान आहेत, खूप आग्रह करत होते. आम्हीही बरं म्हणायचो.

बाबा गेल्यानंतरची निवडणूक. आईने आठवडाभर आधी पिशवी भरली. भावजयीला एक साडी, तिच्या सुनेला एक, पोरांना काही. दारात रांगोळीसुद्धा काढली होती. गल्लीच्या तोंडाशी गाडी लागली, कागदवाले आले, शेजारचं नाव पुकारलं, समोरचं पुकारलं. आमच्या दारावरून पुढे गेले. आई पिशवी घेऊन त्यांच्या मागे गेली. त्यांच्यातला एकजण तिला ओळखत होता. त्याने कागद वरून खाली पाहिला, दुसऱ्यांदा पाहिला, आणि खरंच वाईट वाटून म्हणाला, "फुई, तुन्हं नाव नही शे."

मी पुढे होऊन विचारलं, कसं नाही? तो म्हणाला, गावात पडताळणी झाली. घरोघर विचारून गेले. यादीतल्या बाई इथे राहतात का, असं आजोबांच्या घरीही विचारलं. चुलतमामाने सांगितलं, "ती सुरतले ऱ्हास." नाव कमी झालं.

कोणाशी भांडणार? विचारणाऱ्याने नियमाने विचारलं, मामा खोटं बोलला नाही, आई सुरतेतच राहते. सगळं अगदी बरोबर होतं. मला आजही त्या बरोबरपणाचा संताप येतो. चूक असती तर मी कुठेतरी जाऊन दाद मागितली असती.

गाडीत जागा मोजून होत्या. तरी त्या ओळखीच्याने म्हटलं, बघतो फुई, मागे कुठे बसता आलं तर. आई नको म्हणाली. मताशिवाय कशाला येऊ, म्हणाली. गाडी गेली. तिने रांगोळीवर पाय न देता घरात येऊन पिशवी खाटेखाली सरकवली.

मी म्हटलं, आई, उद्या मी नेते तुला. सकाळच्या गाडीने जाऊ, दोन दिवस राहू, मी शाळेत रजा टाकते.

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच लहान राहिले होते. "तू माले पोचाडशी," ती म्हणाली, "पन लेवाले कोन येई?"

आपण कुठेही पोचू शकतो. तिकडून कोणी न्यायला येणं आपल्या हातात नसतं. माझं माहेर माझ्या सासरच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, मला हे कळायला चाळिशी उलटावी लागली.

पुढे इथल्या यादीचं काम निघालं तेव्हा तिने स्वतःच सांगितलं, लिहा इथे. मधलं नाव बाबांचं लागलं, आडनाव आमचं. लिहिणाऱ्याने वाचून दाखवलं, तर तिने कोणा तिऱ्हाईताचं असावं तसं ऐकून घेतलं. साड्या तिने गल्लीत वाटून टाकल्या.

मग इकडची विधानसभा आली. म्हाताऱ्या माणसांना केंद्रावर न्यायला एका उमेदवाराने रिक्षा ठेवल्या होत्या. एक कार्यकर्ता दारात आला. गल्लीतच वाढलेला, घरी आपलीच बोली बोलणारा, पण आता गुजरातीच तोंडात बसलेली. "मासी, चालो, लेवा आव्यो छुं."

लेवा. आई उठली. नवी साडी नेसली, केस विंचरले, देवापुढे हात जोडले. मी म्हटलं, अगं शाळा तर इथून दिसतेय, चालत जाऊ. ती रिक्षात बसली. मीही तिच्या शेजारी बसले. रिक्षा कोपऱ्यावर वळली आणि थांबली. माझीच शाळा, माझाच वर्ग. आईने मत दिलं. बाहेर आल्यावर तिने बोट पुढे धरलं, आणि ते बघायला कोणी नाही हे लक्षात आल्यावर खाली घेतलं. मी बघायला हवं होतं, पण मला ते तेव्हा सुचलं नाही.

परतीला रिक्षा नव्हती, चालतच आलो. उंबऱ्याशी ती थांबली. आत चुलीवरची डाळ अजून गरम होती, आम्ही निघताना शेजारीण घासत होती तेच भांडं अजून घासत बसलेली होती. आईने सगळीकडे बघितलं आणि, इतक्यातच परत आल्याचं खरं न वाटून, मला विचारलं, "इतलामाच उनू मी?"

मी तिला आत घेतलं, बसवलं, चहा टाकला. माहेरून आलेल्या बाईला सगळे विचारतात, कसे आहेत घरचे, बरे आहेत ना. मलाही तेच विचारावंसं वाटलं. पण कोणाबद्दल विचारणार?