बांधणीला की रद्दीला

ग्रंथालयात त्यांना सगळे चाळणीबाई म्हणत, आणि त्यांना त्याचा रागही नव्हता. तीस वर्षं एकच काम: टपालाने आलेल्या अंकांतली संशोधनपत्रिका कुठली आणि मासिक कुठलं, ते ठरवायचं. पत्रिका बांधणीला, मासिकं वर्षभराने रद्दीला. बाई पानावरून डावा अंगठा फिरवायच्या. गुळगुळीत लागलं की बहुधा मासिक. मग खात्रीसाठी जाहिराती बघायच्या, शेवटची संदर्भसूची बघायच्या. नव्या मुलींना सांगायच्या, "मासिक तुम्हाला खूश करायला बघतं. पत्रिकेला तुमचं काही पडलेलं नसतं."

अलीकडे मात्र अंगठा दगा देत होता. दोनदा चकचकीत सिनेमासिकं बांधणीला गेली. लोक हसले, बाईही हसल्या. वय झालं, दुसरं काय.

त्या सोमवारी एक वैद्यकीय अंक आला. मधल्या पानावर एका रुग्णाची हकिगत होती. नाव नाही, स्त्री, वय चोपन्न, ग्रंथालयात नोकरी. पहिलं लक्षण, डाव्या अंगठ्याला कागदाचा पोत कळेनासा झाला. आठ महिने दुखणं अंगावर काढलं. उपचारांना उशीर झाला होता. रुग्ण दगावली.

बाईंनी पानाच्या तळाशी बघितलं. लेख संपादकांच्या हाती आल्याची तारीख पुढच्या वर्षाची होती. छापखान्याची चूक असणार, त्यांनी मनाला बजावलं. मग अंक उलटापालटा केला. एक जाहिरात सापडली असती, तरी राशिभविष्यासारखं हसण्यावारी नेता आलं असतं. सापडली नाही. शेवटी एकतीस संदर्भ, अगदी शिस्तीत.

लेखक डॉक्टर गावातल्याच इस्पितळात होते. सुनेला सोबत घेऊन बाईंनी दुपारीच त्यांना गाठलं.

"डॉक्टर, अंगठ्याच्या दुखण्यावर तुम्ही काही लिहिलंय का हो?"

"अजून तरी नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे ओढला. "कधीपासून त्रास आहे?"

"तीन महिने," बाई ठामपणे म्हणाल्या. तीन म्हणजे तीनच. आठाला अजून अवकाश होता, आणि एवढ्यानेच त्यांच्या जिवात जीव आला होता.

डॉक्टरांनी तीन लिहिलं.

"नाही हो आई," सून म्हणाली. "मी बाळंत झाले तेव्हाच दुपटं ओलं की कोरडं, हे तुमच्या हाताला कळत नव्हतं. मलाच विचारायचात. परवा बाळाला आठ महिने झाले."

डॉक्टरांनी तीन खोडून आठ लिहिलं.