छापून आलेला प्रश्न

मॅडम ऐकताना डोळे मिटून घ्यायच्या. समोरच्याला वाटायचं, झोपल्या. मी ज्यांच्या मेडिकलवर कामाला आहे ते दिनूभाऊ पहिल्याच दिवशी मला हळूच म्हणाले, "बाई थकेल शे, चहा सांग." तेवढ्यात मॅडमनी डोळे उघडले आणि मी इतका वेळ जे बोलले होते ते जसंच्या तसं मला परत सांगितलं. माझं बोलणं असं कोणी सांभाळून ठेवलेलं मला आठवत नाही. घरी मी बोलायला लागले की कोणीतरी उठून जातं.

त्या पुण्याहून यायच्या. मेडिकलवर गोळ्या नीट समजावून दिल्या तर पेशंटला खरंच फरक पडतो का, यावर त्यांचा अभ्यास होता. अक्कलकुव्याला बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं खाली उतरतात, म्हणून आमचं दुकान त्यांनी निवडलं. वर्षभर त्या जवळजवळ प्रत्येक बाजाराला आल्या. शेंगा सोलत बसायच्या आणि अर्धे दाणे माझ्यापुढे सरकवायच्या. अहिराणी शिकायची हौस फार. एकदा आल्या आल्या मला म्हणाल्या, "मावशी, काय करी ऱ्हायना?" दिनूभाऊ हसून म्हणाले, "मॅडम, ते गडीले म्हणतस. मावशीले ऱ्हायनी म्हणा." पुढच्या बाजारी त्यांनी दिनूभाऊंनाच "काय करी ऱ्हायनी" विचारलं. दुकानात हसू मावेना.

माझं काम खोकी फोडायचं, फळ्या पुसायचं. गोळ्या दिनूभाऊच देतात. पण त्यांना डोंगरातल्या माणसांची भिली बोली येत नाही आणि माझं माहेर डोंगराकडचं. म्हणून गोळी कधी, कशी घ्यायची ते बायांना मी सांगायचे. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण त्या बायांशी बोलताना अडखळायला व्हायचं नाही. काउंटरपाशी उभं राहायचं तेवढंच माझ्याजवळ अभिमानाचं होतं.

"सांगा मावशी, मला घाई नाही," असं मॅडम नेहमी म्हणायच्या. आणि लगेच, "तुमचं नाव कुठेच येणार नाही." या दोन वाक्यांवर मी त्यांना ती गोष्ट सांगितली, जी दिनूभाऊंनाही माहीत नव्हती.

एका बाईला शुगरची गोळी लिहून दिली होती. जेवणाआधी घ्यायची. मी तिला सांगितलं, सकाळी भाकर खायच्या आधी घे. तिनं तसंच केलं. पण ती अंधारात उठून कापूस वेचायला जायची आणि भाकर खायची ती दुपारी, शेतातच. पहाटे गोळी घेतली आणि ऊन वर आल्यावर कापसाच्या ओळीत पडली. बायांनी गूळ चारला म्हणून वाचली. पुढच्या बाजारी तिनंच हे मला हसत सांगितलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तेव्हापासून गोळीचं काहीही सांगायच्या आधी मी विचारायला लागले, "तू भाकर कधी खातेस?" कोणी काही सांगायचं, कोणी काही. त्यावरून मग मी गोळीची वेळ सांगायचे.

मॅडमनी डोळे उघडले. म्हणाल्या, "मावशी, हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नाही." माझा हात कितीतरी वेळ त्यांनी हातात धरून ठेवला होता.

अभ्यास परदेशात छापून आला. इथल्या मेडिकलवाल्यांसाठी त्याचं मराठीत छोटं पुस्तक काढलं होतं. मॅडमनी स्वतः आणून दिलं. मी चौथी शिकलेली, ओळीवर बोट ठेवून वाचते. एका पानावर लिहिलं होतं की, संशोधकांनी जेवणाची वेळ आधी विचारण्याची पद्धत तयार केली आणि तिनं पेशंटची तब्येत सुधारली. दुसऱ्या पानावर होतं की, एका दुकानात अल्पशिक्षित मदतनीस बाईनं चुकीची वेळ सांगितल्यानं पेशंट शेतात बेशुद्ध पडली. नाव कुठेच नव्हतं. चुकीवर नव्हतं, प्रश्नावरही नव्हतं. पण या बाजारात मेडिकलवर काम करणारी बाई मी एकटीच.

दिनूभाऊंनी ते दुसरं पान वाचलं आणि पुस्तक गल्ल्याखाली सारलं. मग म्हणाले, "मन्हं लायसन गयं तं मंग आपण दोन्ही घर बठसूत. तू आते मांगेच ऱ्हाय." त्यांनी कामावरून काढलं नाही. त्यांचा राग येत नाही मला. आता पुस्तकातला प्रश्न कार्डावर लिहून काउंटरला लावला आहे. "आपण जेवण कधी करता?" दिनूभाऊ तो मराठीत वाचतात. बाया त्यांच्या तोंडाकडे बघतात आणि मान हलवतात. ते गोळ्या देतात. मला मागच्या खोलीत सगळं ऐकू येतं.

परवा मॅडम आल्या. मी काउंटरवर दिसले नाही म्हणून मागे आल्या, खोक्यांमध्ये जागा करून खाली बसल्या. मी हिंमत करून एवढंच म्हटलं, "मॅडम, तो प्रश्न माझा होता."

"अहो मावशी, अभ्यासात तसंच लिहावं लागतं," त्या मायेनंच म्हणाल्या. "आणि तुमचं नाव तर मी कुठेच येऊ दिलं नाही."

त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी मला जपलं. ते मला जास्त लागलं.

मग त्यांनी नव्या अभ्यासाचं काढलं. टीबीची माणसं गुजरातला ऊसतोडीला जातात, तेव्हा गोळ्यांचं काय करतात? कोण बरोबर नेतं, कोण मुकादमाच्या भीतीनं घरीच ठेवून जातं, कोणाची सासू गोळ्या चुलीत टाकते, हे सगळं बायांनी मला सांगितलेलं आहे. ते कळलं असतं तर काही माणसं कदाचित बरी झाली असती. हेही मला समजत होतं.

"सांगा ना मावशी," मॅडम म्हणाल्या.

"मला नाही माहीत," मी म्हटलं, आणि पुढचं खोकं फोडायला घेतलं.