टपालाचं विचारायला येणाऱ्या काकू

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हा आम्ही पनवेलला एक घर भाड्याने घेतलं. त्या घरातला मुलगा शिकायला म्हणून विलायतेला गेलेला. तिथून कॉलेज सोडून स्पेनच्या लढाईत आपणहून सामील झाला, आणि मग पत्र नाही की खबर नाही. त्याची विधवा आई पेणला भावाकडे राहायला गेली. पण मुलाला पत्ता ठाऊक तो इथलाच, म्हणून या काकू दर महिन्याला एसटीने यायच्या आणि ओट्यावर टेकून मला विचारायच्या, "टपाल काही?"

"नाही हो काकू."

मला कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू? हातातलं काम टाकून चहा करा, तोच नकार द्या, आणि त्या गेल्या की दिवसभर जीव थाऱ्यावर नाही.

सासरे माझे देवधर्मातले. माळ्यावर त्या मुलाची पत्र्याची पेटी होती, तिच्यावर त्याचं नाव रंगवलेलं. एका सर्वपित्रीला त्यांनी त्या नावानेही पाणी सोडलं. गोत्र माहीत नव्हतं, म्हणून कश्यप म्हणाले. मागच्या भिंतीवर कावळ्यासाठी त्याची वेगळी वाडी ठेवायला लावली. "याच घरातलं पोर. कोणीतरी करायला नको?" आमच्या पितरांच्या वाड्या तशाच वाळत राहिल्या. त्याच्या भातावर मात्र कावळा लगेच बसला.

नेमक्या त्याच दिवशी काकू आल्या. सासऱ्यांनी भोळेपणाने पाणी सोडल्याचं, वाडी ठेवल्याचं सांगून टाकलं. त्या ओट्यावर मटकन बसल्या.

"त्याची खबर नसल्याला बारा वर्षं झाली तेव्हा भटजी म्हणाले, मुलगा गेला समजा, दर्भाचा पुतळा करून जाळा. मी त्यांना दारातून परत पाठवलं. आणि तुम्ही मला न विचारता..."

सासऱ्यांनी मान खाली घातली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सूनबाई, कावळा शिवला का गं?"

"नाही शिवला," मी म्हणाले.

काकूंनी तोंड धुतलं, चहा घेतला आणि बशी खाली ठेवत विचारलं, "टपाल काही?"

त्यानंतर त्या आणखी नऊ वर्षं येत होत्या, गुडघे गेले तरी. मी नाही म्हणून म्हणून थकले. त्या दिवशी खरं सांगितलं असतं, तर बिचाऱ्या एकदाच्या मुलासाठी रडल्या असत्या. न रडताच गेल्या.