सयाजीचं जंगल

ज्या जंगलांत मी चाळीस वर्षं तलवारी उपसल्या, वनवास भोगले, दोनदा मेलोही, ती सगळी जंगलं इस्लामपुरातल्या एका पत्र्याच्या खोलीत तयार झाली होती. करणारा एकच, सयाजी पेंटर. प्रेक्षक आम्हा नटांसाठी टाळ्या वाजवायचे. त्यातल्या निम्म्या मागच्या पडद्याच्या होत्या, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्याचं काम बघत बसणं हा माझा छंद होता. चिंचोके शिजवून त्यांची खळ करायची, ती मांजरपाटाला चोपडायची. मग करवंट्यांत भुकटीचे रंग आणि गरम सरस. डब्यातला तेलरंग त्याने कधी घेतला नाही. म्हणायचा, "चकाकणारं झाड बघितलंयस का कवा?"

भुकटीचा रंग वाळला की फिका पडतो. म्हणून सयाजी आधी कापडाच्या चिंधीवर एक फटकारा मारायचा आणि चिंधी चहाच्या गरम किटलीला चिकटवायचा. "ओला रंग लय खोटारडा, गड्या. वाळल्यावर खरं बोलतो." वाळलेली चिंधी घेऊन तो दार-खिडकी लावून पिवळ्या बल्बखाली बसायचा, कारण रंगमंचावर उजेड तसाच. पसंत पडली तर चिंधी भिंतीवरच्या खिळ्याला. पन्नास वर्षांच्या चिंध्यांचा तिथे झुबका झाला होता.

मधली बारा वर्षं कुणी पडदा मागितला नाही. गेल्या साली वाळव्याकडच्या एका गावातल्या यशराज नावाच्या दिग्दर्शकाने जत्रेच्या नाटकासाठी जंगल मागितलं. शहात्तराव्या वर्षी सयाजी वीस दिवस जमिनीवर गुडघे टेकून राबला.

नाटकाच्या दिवशी मीही सयाजीसोबत गेलो आणि दुपारी सभागृहात पडदा चढवला. प्रकाशयोजना साक्षी नावाच्या मुलीकडे होती. तिने नवे पांढरे दिवे लावले आणि सयाजीची हिरवी झाडं निळी पडली.

"आबा, झाडास्नी इख चढल्यागत दिसतंय," यशराज म्हणाला. "चार वाजता तालीम हाय. तवर जमलं न्हाई, तर काळं कापड सोडावं लागंल."

मला चूक कळली. पिवळ्या उजेडात निळा रंग मरतो, म्हणून हा हिरव्यात नीळ जास्त घालायचा. हात सवयीने चालला होता. बल्ब जाऊन किती वर्षं झाली, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

साक्षी म्हणाली, "आवं आबा, दिव्यांना पिवळा कागद लावते. झालं काम."

मला वाटलं, सुटलो. सयाजीने मान हलवली. "आन् पोरांची तोंडं? कावीळ झाल्यागत दिसतील. बिघडलंय माझं झाड, पोरी. तुझा उजेड ऱ्हाऊ दे."

दीड तास होता. त्याने पिवळी माती भिजवली, सरस तापवला. चहावाल्याची किटली मागून आणली. चहावाला कुरकुरला, "आबा, सरसाच्या वासाचा च्या कोण पिणार?"

"हा पील की," सयाजीने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यानं नाटकात इख प्यालंय."

पहिली चिंधी फिकी. दुसरी मातकट. तिसरी साक्षीने दिव्याखाली धरली, सयाजीने डोळे बारीक करून मान डोलावली आणि तो शिडीवर चढला. मी शिडी धरली. भुकटीच्या रंगावर ओला हात फिरवणं अवघड. जरा रेंगाळलं की खालचा रंग उठतो. एका पानाला एकच फटकारा. दोन फांद्या उठल्याच. तिथे त्याने माती जाड लावली आणि त्या वाळक्या केल्या.

खाली उतरून त्याने पंखा पडद्याकडे वळवला. पडदा सुकला. चारला काही मिनिटं कमी असताना साक्षीने दिवे लावले.

यशराजने पडदा वरपासून खालपर्यंत बघितला. मग काळ्या कापडाची घडी उचलून विंगेत ठेवून आला. "त्या वाळक्या फांद्या झ्याक जमल्यात, आबा."

"त्या चुकीच्या हायत," सयाजी म्हणाला.

त्याने तिसरी चिंधी मधोमध फाडली. अर्धी खिशात घातली, घरच्या खिळ्यासाठी. अर्धी साक्षीच्या हातात दिली.

"दिवा बदलशील तवा मला आदी कळव."